चारशे बारा नंबरचा केसपेपर

१९५६ साल, ऑगस्टमधला मंगळवार. त्या दिवशी मी रेकॉर्डच्या कपाटात डांबरगोळ्या घालत होते. पावसाळ्यात कागदाला कसर लागते, म्हणून दर महिन्याला हे काम करावंच लागे. जुन्या गोळ्या झिजून वाटाण्याएवढ्या झाल्या होत्या. त्या काढल्या, खण पुसले, नव्या ठेवल्या. प्रत्येक खणाच्या अगदी कडेला, दाराला टेकतील अशा, चार-चार गोळ्या ओळीने. कडेलाच का, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही. दार उघडलं की गोळी घरंगळते, एवढंच मला हवं होतं.

परळला एका धर्मादाय दवाखान्यात मी रेकॉर्ड सांभाळत असे. खाली डोळ्यांचा आणि छातीचा विभाग, वर बाळंतपणाचा. तिन्ही विभागांचे केसपेपर एकाच खोलीत, तीन लोखंडी कपाटांत असत. प्रत्येक कपाटाची एक किल्ली माझ्याकडे. तिन्हींच्या दुसऱ्या किल्ल्या व्यवस्थापकांकडे, कोटाच्या आतल्या खिशात. नियमच तसा होता आणि त्यात वावगं काही नव्हतं. मी आजारी पडले, कागदांना वाळवी लागली, आग लागली, तर कुणीतरी उघडायला हवंच. अडचण एवढीच की वाळवी लागली नसतानाही ती किल्ली चालत होती.

माझा संशय दोन महिन्यांपूर्वीचा. छातीच्या विभागात गिरणीतला एक माणूस औषधाला यायला लागला. टीबी होता, पण वेळेवर सापडलेला. आठ दिवसांत त्याला गिरणीच्या फाटकावरूनच परत पाठवलं. टीबीवाला माणूस गिरणीला नको असे. बरा होणारा असो की न होणारा, नाव कळलं की काम गेलं. त्या माणसाने घरीदेखील सांगितलं नव्हतं. मग गिरणीला कुणी सांगितलं? समोरच्या गल्लीतल्या त्या गिरणीचा लेबर ऑफिसर दर गुरुवारी अकरा वाजता व्यवस्थापकांकडे चहाला येई. दोघे एका गावचे, एवढंच मला ठाऊक होतं.

आधी मी सरळ मार्गाने गेले. गिरगावातून एक चांगलं पितळी कुलूप आणलं आणि छातीच्या कपाटाला वरून घातलं. चौथ्या दिवशी कामावर आले तर कुलूप कापलेलं, माझ्या टेबलावर कागदात गुंडाळून ठेवलेलं. कपाटांना रंग द्यायचा होता म्हणे. रंग मात्र पुढे वर्षभर दिला नाही. व्यवस्थापकांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, "बाई, संस्थेच्या कपाटाला खाजगी कुलूप चालत नाही. विश्वास नसेल तर संस्था चालायची कशी?"

"विश्वास आहे, साहेब," मी म्हटलं. "कुलपाचे पैसे तेवढे वाया गेले."

कुलूप जमणार नव्हतं, हे मला तिथेच कळलं. ज्याच्याकडे कपाट सांभाळण्याचं काम आहे, त्याच्यापुढे कपाट बंद ठेवता येत नाही. मग कपाट उघडूनही त्याला काही मिळू नये, असं करायला हवं होतं. मी छातीच्या विभागाच्या डॉक्टरबाईंशी बोलले. त्या दादरला राहणाऱ्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, फार बोलत नसत. आम्ही ठरवलं की केसपेपरवर नाव नको, पत्ता नको, नुसता नंबर. कुठला नंबर कुणाचा, ती वही डॉक्टरबाईंच्या पर्समध्ये. ती वही संस्थेची नव्हती, त्यामुळे तिला संस्थेचा नियम लागू नव्हता.

पुढच्या आठ दिवसांत मी सगळी कव्हरं बदलली. आणि इथेच मी ती चूक केली. करताना मला ती चूक वाटली नाही, उलट सोय वाटली.

झालं असं. पहिल्या दिवशी एक बाई खिडकीशी आली. त्याच समोरच्या गिरणीत वाइंडिंगला होती, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात. मालवणकडची, पस्तिशीची, काटक. नवरा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला होता. सुटून आला तेव्हा गिरणीने त्याला परत घेतलं नाही. घर तिच्या एकटीच्या कामावर चाललेलं, घरात सासू आणि दोन मुली. मी तिला नवा नंबर सांगितला. तिने दोनदा पुटपुटून बघितला आणि मान हलवली.

"बाय, ह्यो नंबर माझ्या ध्यानात रवाचो नाय."

"मग चिठ्ठीवर लिहून देते."

"चिठी कोणाक गावली तर? माजो बिल्ल्याचो नंबर घाल. चारशे बारा. तो झोपेत इचारलास तरी सांगान."

मला ते पटलं. बिल्ला नंबर गिरणीच्या माणसाच्या तोंडी असतो. फाटकावर, पगाराच्या खिडकीवर, सगळीकडे त्याच नंबराने हाक. चिठ्ठी नको, विसरणं नको. मग मी प्रत्येक गिरणीवाल्याला त्याचा बिल्ला नंबरच विचारला आणि तोच कव्हरवर घातला. दोन गिरण्यांचा नंबर एकच आला तर पुढे एक अक्षर जोडलं. बाकीच्यांना मनाने नंबर दिले. काम झटक्यात संपलं. आपण शहाण्या आहोत असंही वाटून गेलं.

तर तो मंगळवार. एक वाजता कपाटं बंद करून मी वरच्या मजल्यावर डबा खायला गेले. दीडला परत आले. छातीच्या कपाटाचं दार उघडलं. दुसऱ्या खणातल्या चार गोळ्यांपैकी दोन जागेवर, एक तळाशी गडगडलेली आणि एक दाराच्या बिजागरीत सापडून चुरा झालेली. पांढरा चुरा जमिनीवरही होता, त्यावर बुटाच्या टाचेचा अर्धा ठसा. आमच्याकडे बूट घालणारी माणसं दोनच. त्यातले डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारी तीननंतरच येत.

मी कव्हरं एकेक करून बाहेर काढली. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात जांभळं टिंब होतं. कारकुनीत मुरलेला माणूस नक्कल करताना एकेका कागदावर टिंब देत जातो, म्हणजे एखादा सुटत नाही आणि दोनदा येत नाही. ही सवय माझीही आहे. आणि टिंब जांभळं, कारण रेकॉर्डच्या खोलीत शाई आणायला मीच बंदी केली होती. तिथे दोरीला एक कॉपिंग पेन्सिल टांगलेली असे, जिभेला लावली की जांभळी उमटणारी.

रजेचा अर्ज घेऊन मी व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. मला रजा नको होती. त्यांनी मान वर केली. खालच्या ओठावर जांभळा डाग होता.

"साहेब, ओठाला काहीतरी लागलंय."

त्यांनी रुमालाने पुसलं, रुमालाकडे बघितलं आणि घडी घालून ठेवून दिला. "ट्रस्टींना अहवाल द्यायचाय. कुठल्या विभागात किती केसपेपर, ते मोजत होतो. तुम्ही जेवायला गेला होतात, म्हणून त्रास दिला नाही."

"आकडा मी सांगितला असता."

"तुमच्या आकड्यावर तुमचीच सही असते, बाई. कुणीतरी ताडून बघायला नको?"

उत्तर बिनचूक होतं. ते खरंही असेल. तीस वर्षं त्यांनी ती संस्था सांभाळली होती, हिशेबात कधी एक आणा इकडचा तिकडे नाही. पण मोजायला प्रत्येकाचा नंबर उतरवून घ्यावा लागत नाही. टेबलावर टाचणी लावलेला घडीचा कागद होता. मी त्याच्याकडे बघते आहे असं दिसताच त्यांनी त्यावर पेपरवेट ठेवलं. अर्ज वाचून म्हणाले, "रजा कशाला? उद्या हरताळच आहे. गिरण्या बंद, ट्राम बंद. तुम्ही येणार कशा?"

मी अर्ज परत घेतला.

जिना उतरताना मी खरं तर खुशीत होते. घ्या नंबर, म्हटलं. नंबर घेऊन काय करणार?

चार वाजता इंजेक्शनांची वेळ. खिडकीतून मीच नंबर पुकारत असे. बाकावर छातीचे आणि डोळ्यांचे रोगी एकत्र बसत. मी हाक दिली, "चारशे बारा." ती अजून आली नव्हती. पण बाकाच्या टोकाला डोळ्यांत औषध घालून बसलेली एक बाई एकदम वळली. घाटावरची, दंडाने दणकट, एक डोळा मिटलेला.

"चारशे बारा?" ती म्हणाली. "ती आमच्या लाइनीतली नव्हं? तिला कशाला पुकारता वो हितं?"

लाइन म्हणजे वाइंडिंगच्या यंत्रांची रांग; ही बाई तिच्या शेजारीच काम करत होती. एक डोळा मिटलेल्या बाईला जे एका हाकेत कळलं, ते लेबर ऑफिसरला मस्टर उघडून कळायला किती वेळ लागणार होता? नाव सगळ्या जगापासून लपवलं होतं. ज्या एका ठिकाणापासून लपवायचं, तिथे मात्र तो नंबर म्हणजे नावच होतं.

"तुमच्या लाइनीतली नाही," मी तिला म्हटलं. "दुसऱ्या गिरणीची आहे."

"आसंल," ती म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं. थोड्या वेळाने उठून निघून गेली, डोळा दुसऱ्यांदा न दाखवताच.

चारशे बारा त्या दिवशी आलीच नाही. मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे गिरणीपासून लपवायचं, ते गिरणीच्याच नंबराने?"

"हो."

"यादीत गिरणीवाले किती?"

"त्या गिरणीचे अकरा."

"आणि तो ऑफिसर?"

"गुरुवारी. उद्या गिरणी बंद आहे, म्हणून एक दिवस मिळाला."

"व्यवस्थापकांनी खरंच मोजायला उघडलं असेल तर?"

"तर काही बिघडत नाही. पण मी त्या भरवशावर तिचं काम पणाला लावणार नाही." मग मला विचारायचं होतं ते विचारून घेतलं. "ती गिरणीत गेल्याने दुसऱ्यांना धोका आहे का? असला तर मला लपवायचं नाही."

"जून महिन्यात असता. तेव्हा मी तिला पाच आठवडे घरी बसवलं होतं, आठवतं? आता तिच्या थुंकीत काही सापडत नाही. तिघांपासून अजून धोका आहे आणि ते तिघे घरीच आहेत. पण गिरणी हे बघत बसत नाही."

डॉक्टरबाईंच्या वहीतला पत्ता घेऊन साडेपाचला मी लालबागला गेले. रोग्याच्या घरी जायचं नाही हा आमचा शिरस्ता, तो मी मोडला. तिसरा मजला, संडासाच्या बाजूची खोली. दार उघडंच होतं. ती भाकऱ्या थापत होती, नवरा खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होता, आणि उंबऱ्यावर ती एका डोळ्याची बाई तांदूळ निवडत बसली होती. माझ्याआधीच पोचली होती.

"ह्याच त्या," ती चारशे बाराला म्हणाली. "ह्यांनीच पुकारलं. वर तोंडावर खोटं बोलल्या माझ्या."

"खोटं बोलले," मी म्हटलं. "बोलायलाच हवं होतं."

चारशे बाराने तव्यावरची भाकरी उलटली. "बाय, तू घराकडे कित्याक इलंस? कोणी बघल्यान तर?"

मी उभ्यानेच सांगितलं. कपाट, किल्ली, जांभळी टिंबं, गुरुवारचा चहा. काही न लपवता सांगितलं. तिने दुसरी भाकरी थापायला घेतली नाही.

"म्हणजे त्येंका माजा नाव गावला."

"अजून नाही. परवा अकरा वाजता मिळेल."

"चूक माजीच. मीच सांगलंय, बिल्ल्याचो नंबर घाल म्हणान."

"तू सांगितलंस, पण लिहिला मी. रेकॉर्ड माझं आहे. चूकही माझीच."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आता रडान काय उपेग? एकाक काडल्यानी हा, दुसरीक काडतीत."

"मी खंय रडतंय?" ती म्हणाली. आणि खरंच रडत नव्हती. तवा बाजूला उतरवून ती माझ्याकडे वळली. "यादीत नुसते नंबरच मां? कोणाक काय झालाहा ता नाय मां?"

"नाही. छातीच्या कपाटात ज्यांचे कागद आहेत, त्यांचे नंबर. आतले कागद उतरवायला अर्धा तास पुरला नसता."

"मगे कपाटात सगळ्यांचेच कागद आसले तर?"

मला लगेच कळलं नाही. उंबऱ्यावरच्या बाईला कळलं. तिने तांदळाचं सूप खाली ठेवलं. "आगं, पर मग समद्यांना सांगावं लागंल की, तुला काय झालंय ते."

"लाइनीत कोणाक म्हायत नाय?" चारशे बारा म्हणाली. "मे म्हयन्यापासून माजो खोकलो ऐकतासात. माजो धागो तुटलो तर जोडता कोण? तूच मां?"

त्या बाईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "म्या कुटं काय बोलले कुनाला."

मी दोन महिने त्या कागदांना जपत होते, आणि पूर्ण वाइंडिंग खात्याला ते आधीच माहीत होतं. ते गिरणीच्या ऑफिसपर्यंत गेलं नव्हतं, कारण कुणी नेलं नव्हतं. मला जरा ओशाळं वाटलं. पण तेव्हा त्याला वेळ नव्हता.

"उद्या गिरणी बंद," चारशे बारा म्हणाली. "आमी सगळीच येतंव. छाती तपासून घेतंव. बिल्ल्याचे नंबर देतंव. त्येका लिवूक दी, किती लिवता ता."

"नुसत्या बायका नकोत," मी म्हटलं. "सगळ्या खात्यांतले लोक हवेत. पुरुषही." उरलेले दहा कोण, ते मी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. एकदा फक्त माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आणतंय."

नवरा हसला. "म्हणजे उद्या दवाखान्यावर मोर्चो. ह्यो मोर्चो पोलिसांका पण कळूचो नाय."

"तुमी नका येव," घाटावरची बाई त्याला म्हणाली. "तुमी आलात की लगेच घोषना देता."

जाताना मी वाटेतल्या एका दुकानातून दादरला डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तपासणी खरी करायची. खोटा कागद मी ठेवणार नाही."

"खोटा नकोच आहे."

"मग ठीक. यादीत अकरा, कपाटात शंभर. कुणी विचारलं तर सांगेन, गिरणीतल्या लोकांची छाती तपासायचं काम चालू आहे. कुणी आधी आले, कुणी नंतर. त्यात खोटं काय आहे?"

एवढ्याने भागेल याची मला खात्री नव्हती. अजूनही वाटतं, व्यवस्थापकांना ती जुनी यादी द्यायचीच असती तर कुणी अडवलं असतं? पण मी त्यांना अकरा वर्षं ओळखत होते. कपाटाशी न जुळणारी नक्कल हा माणूस कुणाच्या हातात देणार नाही, या एका गोष्टीवर मी भरवसा ठेवला. त्यांच्या सचोटीवर ठेवला नाही, सवयीवर ठेवला. चारशे बाराचा बिल्ला आजही तिच्याकडेच आहे, म्हणजे तिचं काम टिकलं, हेही इथेच सांगून टाकते. कुणाला ताटकळत ठेवायला मला आवडत नाही. व्यवस्थापकांनी तो कागद ट्रस्टींसाठीच केला होता की चहासाठी, हे मात्र मला कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गिरगावातून चालत निघाले. आमचे हे म्हणाले, "हरताळ आहे, माहिताय ना?" मी म्हटलं, "म्हणूनच जातेय." रस्ते रिकामे, दुकानांच्या फळ्या लागलेल्या, ट्रामच्या रुळांवर मुलं विटीदांडू खेळत होती. भायखळ्याच्या पुढे चार-पाच तरुणांनी अडवलं.

"मावशी, आज कामावर जायचं नाही."

"दवाखान्यात जातेय."

"आजारी आहात?"

"तू वाट सोडली नाहीस तर होईन."

त्यांनी वाट सोडली. एकाने माझी डब्याची पिशवी थोड्या अंतरापर्यंत उचललीही.

परळला पोचले तेव्हा बाळंतपणाच्या विभागामुळे फाटक उघडं होतं आणि पायऱ्यांवर बायका बसलेल्या होत्या. मी मोजल्या नाहीत. खिडकी उघडली, कव्हरांचा गठ्ठा पुढे ओढला आणि एकेकीला बोलवायला लागले. नाव डॉक्टरबाईंच्या वहीत, बिल्ला नंबर कव्हरवर. वजन, छाती, थुंकीची डबी. एक डोळा मिटलेली बाई सर्वांत पुढे होती आणि मागच्यांना रांगेत उभं करत होती. दहाच्या सुमाराला साचेखात्यातले, म्हणजे मागावर विणणारे, पुरुष आले, मग कुणी कुणी यंत्रदुरुस्तीवालेही. चारशे बारा मध्येच कुठेतरी होती, इतरांसारखीच. तिची पाळी आली तेव्हा मी तिला तिचा नंबर विचारला आणि तिने तो सांगितला. पुढे निकाल आले तेव्हा त्या रांगेतल्या दोघींना खरंच औषध सुरू करावं लागलं.

दुपारी मी जुनी, जांभळ्या टिंबांची कव्हरं फाडून टाकली. अकरा जणांची औषधांची पानं काढून डॉक्टरबाईंना दिली. त्यांनी ती त्यांच्या मनाने ठरवलेल्या वेगळ्या नंबरांखाली, बाळंतपणाच्या कपाटातल्या एका खोक्यात ठेवली. कुठल्या नंबरांखाली, ते मी विचारलं नाही. बाकी सगळे केसपेपर एकसारख्या नव्या कव्हरांत घालून, नंबराच्या क्रमाने, छातीच्या कपाटात लावले. तीन खण भरले.

मग कडेला डांबरगोळ्या ठेवल्या, कॉपिंग पेन्सिल टोक करून दोरीला नीट टांगली, आणि संस्थेचं कुलूप लावून घरी निघाले.